आमची हवा उणे चाळीस

सोमवार, ३

भिंतीवरचं डबडं आज दुपारपर्यंत तीनदा बोंबललं, आणि तिन्ही वेळा आमच्या ह्यांनी टोप काढून बाहेर येऊन बैठक मारली. यंत्र कामाला मदत म्हणून लावलंय की माणसाला बसायला निमित्त म्हणून? असंच चाललं तर बागेतली सगळी बाकं आमच्या शेडमध्येच म्हातारी होणार.

आमचा धंदा सँडब्लास्टिंगचा. जुन्या लोखंडावर बारीक खडी जोरात मारायची की गंज नि रंग उडून लोखंड लख्ख निघतं. धूळ एवढी उठते की आत उभं राहणाऱ्याला मानेपर्यंत टोप घालावा लागतो आणि टोपात नळीने हवा सोडावी लागते. ही हवा कॉम्प्रेसर बाहेरून ओढून देतो. इतकी वर्षं हे तीच हवा खाऊन जगले, कुणी मोजली नाही. आता बागेच्या बाकांचं मोठं काम मिळालं तर बागेच्या साहेबांची अट, हवेतला कार्बन मोनॉक्साईड मोजणारं यंत्र लावा, नाहीतर बाकं परत. हा गॅस म्हणे धुरातून येतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस नुसता गुंगत जातो. वास नाही, रंग नाही, मग आहे कशावरून? तर म्हणे यंत्र सांगतं. म्हणजे यंत्र विकणाऱ्याची चंगळ.

फिटरने हवेच्या नळीला बारीक फाटा काढून यंत्र जोडलं. आकडा दहाच्या वर गेला की बोंब. भिंतीवर खिळा एकच होता, सासूबाईंच्या फोटोचा. फोटो काढून यंत्र टांगलं. आता दोघींत फरक एवढाच की यंत्राला बटण आहे.

ही डायरी फिटरनेच दिली. "बाई, रोजचा आकडा लिहीत चला." मी चौथी पास, आकडा लिहिता येतो. पण आकड्याला अर्धी ओळ लागते आणि पान उरतं अख्खं. कागद वाया घालवणारी मी नव्हे.

आजचा आकडा: चौदा, नंतर अठरा, नंतर मी बघितलाच नाही.

मंगळवार, ४

फिटर आला, फिरला, म्हणाला, "बाई, रागावू नका." ही त्याची सुरुवात करायची पद्धत. मी तोवर रागावलेली नसते. तो म्हणाला, हवा ओढायचा पाईप रस्त्याकडे आहे, समोर गोदामाच्या लॉऱ्या इंजिन चालू ठेवून उभ्या असतात, तो धूर थेट दादांच्या टोपात. पाईप छपरावर उंच न्या.

छपरावर चढणार कोण? आमचे भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, यंत्रांचं सगळं तेच बघतात. पण त्यांना स्टुलावर उभं केलं तरी गरगरतं. ह्यांचा गुडघा दुखतो. मी म्हटलं, छप्पर कशाला, पाईप मागच्या अंगणात काढा. तिथे ना लॉरी, ना रस्ता.

फिटर म्हणाला, "मागे काय आहे?"

"काही नाही. मी आहे."

त्याला मुलीच्या गावी जायची घाई होती, पंधरा दिवस रजा. बरं म्हणाला नि गेला. संध्याकाळपर्यंत भावजींनी पाईप मागे काढून माझ्या चुलीच्या वरच्या भिंतीला घट्ट बसवला. तिथे सोयीचा कोनाडा आहे.

गुरुवार, ६

अंगणातल्या हवेला नावं ठेवतं म्हणजे काय! काल दिवसभर यंत्र बोंबलत होतं, एकदाही थांबलं नाही. लॉरी नाही, स्कूटर नाही. मी मागे चुलीवर पिंपभर पाणी तापवत होते (तेलकट बाकं आधी सोडा घातलेल्या कढत पाण्यात धुवावी लागतात, म्हणून चूल मी सकाळी पेटवते ती संध्याकाळपर्यंत विझू देत नाही), तिथवर बोंब ऐकू येत होती. यंत्र बिघडलंय हे शेंबडं पोरही सांगेल.

भावजींनी पुस्तिका काढली. भावजी म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळे. पण आज कामाला आले. म्हणाले, "वहिनी, याला शून्य शिकवावं लागतं. स्वच्छ हवेत न्यायचं, हे बटण दाबून धरायचं, मग ते त्या हवेला शून्य मानतं."

"मग न्या की."

"स्वच्छ हवा कुठे?"

"रस्त्यावर लॉऱ्या, शेडमध्ये धूळ. अंगणात चला, चहा पण तिथेच उकळतोय."

चुलीपाशी उभे राहून भावजींनी एका हातात कप, दुसऱ्या हातात यंत्र धरून बटण दाबलं. टिंग झालं. शून्य. भिंतीवर परत टांगलं तर चूप. मला तर वाटलं सासूबाईंचीच समजूत पटली.

आजचा आकडा: शून्य.

शनिवार, ८

सकाळी चूल पेटवण्याआधी कॉम्प्रेसर चालू केला, तर यंत्रावर आकड्याच्या आधी आडवी रेघ. उणे चाळीस! भावजींना विचारलं. त्यांनी विचार केला, हनुवटी खाजवली, आणि म्हणाले, "वहिनी, शून्य म्हणजे घाण नाही. उणे चाळीस म्हणजे घाण नाही त्याहूनही चाळीस घरं पुढे."

दुपारी शून्यावर येते. म्हणजे सकाळी आमची हवा शुद्धाहून शुद्ध, दुपारी नुसती शुद्ध.

शेजारच्या सुताराला मुद्दाम हाक मारून सांगितलं. चुलीला ढलप्या तोच देतो. म्हटलं, "तुमच्याकडे लाकडाचा भुसा, आमच्याकडे उणे चाळीस!"

सुतार म्हणाला, "उणे म्हणजे देणं ना, वहिनी? हवा कुणाची उधार आणली?"

अडाणी माणूस.

मंगळवार, ११

आता यंत्र गप्प आहे तर हेच बोलायला लागलेत.

आमचे हे म्हणजे दिवसाला मोजून चार शब्द. जेवणात मीठ नसलं तरी बोलणार नाहीत, नुसते भांड्याकडे बघतील. आज दुपारी टोप काढून आले, डोळे तांबडे, कपाळ दाबत. माझ्याकडे बघतच राहिले. मी म्हटलं, "काय पाहिजे?" तर म्हणतात, "तू ना, या बाकासारखी आहेस. वरचा गंज उडाला की आत लख्ख."

मला गंज? मी हातातला झारा दाखवला तशी हसत हसत परत आत गेले. हसत! लग्नानंतर ह्यांना हसताना मी दोनदा बघितलंय, आणि दोन्ही वेळा पडले होते भावजी.

डोकं दुखतं म्हणतात. नाटकं. बाकं भरभर संपली तर पुढचं काम लागेल ना, म्हणून.

आजचा आकडा: सकाळी उणे अडतीस, दुपारी दोन. हवेत काही खोट नाही.

बुधवार, १२

ह्यांनी भावजींची स्कूटर ब्लास्ट केली.

बाकांच्या रांगेत भावजींनी सावलीला म्हणून उभी केली होती. ह्यांनी रांगेतलं पुढचं बाक समजून हाणली. रंग गेला, दिवा गेला, सीट गेली. आम्ही पोचलो तोवर हॅण्डलपर्यंत चांदीसारखी झाली होती. हे टोप वर करून म्हणतात, "हे बाक काय सुरेख निघालंय बघ. पाठ टेकायला मात्र जागा नाही."

भावजी खालीच बसले. "दादा, माझी गाडी!"

"तुझी कशी? बागेची आहे."

मी इतकी ओरडले की सुतार रंधा घेऊन धावत आला. त्याला वाटलं मारामारी आहे. हे मात्र मला बघून म्हणाले, "ओरड, ओरड. बरं वाटतं." आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

भावजी म्हणतात, वय झालं की असं होतं. कुणाचं वय? माझ्याहून चारच वर्षांनी मोठे आहेत.

शुक्रवार, १४

काल पायऱ्यांवरून धडपडले, आज जेवण नको म्हणाले, मळमळतं म्हणाले. मी ठरवलं. माझ्या नणंदेचं घर टेकडीवर आहे, बाकं आवरायची नाहीत, खडी नाही, काही नाही. रविवारपर्यंत तिथे पाठवते. खरा आजार असेल तर तिथेही राहील, आणि तिथे बरा झाला तर आजार नव्हे, कामचुकारपणा. डॉक्टरला तरी याहून जास्त काय कळणार?

दुपारीच गेले. आता घर शांत आहे. कामं पटापट होतात. भांडीसुद्धा कमी.

रविवार, १६

नणंदेला फोन केला. "कसा आहे भाऊ तुझा?"

"ठणठणीत! सकाळी विहिरीचा रहाट दुरुस्त केला, दोन वेळा वाढून घेतलं. बोलत मात्र नाही काही. नेहमीसारखा."

बघितलं? पकडला की नाही! डोकं दुखत नाही, मळमळत नाही. म्हणजे इथे तीनचार दिवस जे चाललं ते सगळं सोंग. येऊ दे उद्या.

सोमवार, १७

आले. दारात पिशवी ठेवली. मी कमरेवर हात ठेवून तयारच होते. तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाले, "तिथे फार शांत होतं. मला झोप आली नाही."

झालं, पुन्हा सुरू. टोपसुद्धा घातला नव्हता अजून, आणि भ्रमिष्टासारखं बोलणं. मी कामाला पिटाळलं. दुपारपर्यंत कपाळ दाबायला लागले.

आजचा आकडा: सकाळी उणे एकेचाळीस. चूल आज जरा जास्त पेटवली, बाकं फार तेलकट होती. दुपारी सात.

बुधवार, १९

आज आकडा बघितलाच नाही.

दुपारी शेडमधला आवाज थांबला. मी म्हटलं, परत बसले. जाऊन बघते तर हे टोपासकट दोन बाकांच्या मध्ये मांडी घालून झोपलेले. घोड्यासारखं उभ्याने झोपताना स्कूटरच्या दिवशी बघितलं होतं, पण हे वेगळं. हाक मारली, हलवलं, उठेनात. भावजींनी आणि मी टोप ओढून काढला, ओढत बाहेर रस्त्यावर आणलं. मी गालावर दोन ठेवून दिल्या. जोरात नव्हे. भावजी म्हणतात जोरात.

डोळे उघडले. मला ओळखलं. आणि काय म्हणाले असतील?

"मी तुझ्या घरी आलो होतो ना पहिल्यांदा, तो तुझ्यासाठी नव्हे. तुझ्या थोरल्या बहिणीला मागणी घालायला आलो होतो. ती घरी नव्हती. तू दार उघडलंस आणि 'काय पाहिजे?' म्हणून अंगावर आलीस. तेव्हा म्हटलं, हीच पाहिजे."

भावजी रडायला लागले. मी म्हटलं, "रडता काय, पाणी आणा."

रात्री जेवले, झोपले. घोरणं नीट आहे. मी दोनतीनदा उठून ऐकलं, पंखा लावायला उठले होते म्हणून. माणूस असा कणाकणाने हातचा जात असेल तर मला कळेल का? सोंग असतं तर गालावर बसल्यावर उठले असते.

उद्या टोप नाही. बाकं गेली खड्ड्यात. आणि उद्या ताईला फोन.

गुरुवार, २०

आज एवढं झालं की कुठून लिहू.

सकाळी ताईला फोन केला. "ताई, आमचे हे आपल्या घरी पहिल्यांदा आले त्या दिवशी तू कुठे होतीस?"

"किती वर्षं झाली! दाढ काढायला गेले होते वाटतं. का गं?"

म्हणजे ताई घरी नव्हती, एवढं खरं. पण ती घरी नव्हती म्हणजे हे तिच्यासाठी आले होते असं होत नाही. त्या दिवशी आमचा पोपटही घरी नव्हता.

फोन ठेवला तर दारात फिटर. रजा संपली म्हणून यंत्र तपासायला आलेला. मी ऐटीत डायरी दाखवून म्हटलं, "बघा, उणे चाळीस! तुमच्या बाकीच्या गिऱ्हाइकांत आहे का कुणाकडे?"

त्याचा चेहरा खडूसारखा झाला. "बाई, रागावू नका. हवा स्वच्छ असते, त्याच्याहून जास्त स्वच्छ नसते. याला शून्य कुठे दिलं?"

"अंगणात. चुलीपाशी."

यंत्र काढून तो रस्त्याच्या टोकाला गेला. लॉरी नव्हती. उणे चाळीस. शिडी लावून छपरावर गेला. उणे चाळीस. मग माझ्या चुलीपाशी येऊन उभा राहिला. शून्य. वर बघितलं तर पाईपचं तोंड, आणि माझा धूर सुतासारखा सरळ त्यात जातोय. मला तो रोज दिसायचा. मला वाटायचं, काय छान धूर ओढून घेते ही भिंत, डोळ्यात जात नाही.

भावजींनी कालचं सगळं सांगितलं तसा फिटर म्हणाला, "हे यंत्र तुमच्या चुलीला स्वच्छ हवा समजतंय. जिथे ते शून्य म्हणतं तिथे खरे चाळीस. दुपारी चूल रसरसली की त्याहून वर. पंधरा दिवस दादा टोपात चुलीचा गॅस ओढतायत. डोकं दुखणार, मळमळणार, गुंगी येणार, काहीबाही बोलणार. कालचं आणखी थोडा वेळ चाललं असतं ना..."

मी पिंपातलं सगळं पाणी चुलीत ओतलं. एकदम. हातावर फोड आलाय, त्याचं काही नाही.

सुतार भिंतीवरून म्हणाला, "वहिनी, चाळीसचं देणं होतं तर खरंच." मी त्याच्यावर मोकळं पिंप फेकलं.

भावजी म्हणाले, पाईप तिथे लावायला वहिनींनीच सांगितलं. सांगितलं असेल! मी दिवसाला शंभर गोष्टी सांगते. एरवी कुणी ऐकतं का? नेमकी हीच बरी ऐकली.

शुक्रवार, २१

ह्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी नाकाला नळी लावून चांगली हवा दिली, रक्त तपासलं. थोडक्यात निभावलं म्हणाल्या. आठवडाभर टोप नको. मी विचारलं, "हा गॅस गेला की माणूस बोललेलं विसरतो का?"

"काहींना आठवतं, काहींना नाही."

"आणि गुंगीत बोलतो ते खरं असतं की खोटं?"

त्या हसल्या. "ते कुठल्याच तपासणीत येत नाही, मावशी."

मग एवढं शिकून उपयोग काय?

सोमवार, २४

फिटरने आणि सुताराने मिळून पाईप छपरावर नेला, लांब, उंच, वाऱ्याकडे तोंड करून. भावजींनी खालून शिडी धरली आणि तरी त्यांना गरगरलं. फिटरने यंत्र पार टेकडीच्या पायथ्याशी नेऊन शून्य दिलं, मग एका छोट्या बाटलीतून मोजून गॅस सोडला. बाटलीवर वीस लिहिलेलं, यंत्राने वीस सांगितलं. नीट बोंबललं. एवढा गोड आवाज मी ऐकला नव्हता.

आजचा आकडा: शून्य. खरं शून्य.

हे पण शून्यावर आलेत. डोकं साफ, जेवण दोन वेळा, आणि शब्द चार. मी म्हटलं, "काही आठवतं का?" तर म्हणाले, "स्कूटर." एवढंच. भावजींची स्कूटर रंगवत बसलेत. निळी.

बुधवार, २६

मला न विचारता ह्यांनी माझी चूल हलवली! सुट्टी डॉक्टरीणबाईंनी बसून राहायला दिली होती. हे पहाटेच उठून अंगणाच्या पार पलीकडच्या टोकाला नवी चूल बांधून मोकळे. वर पत्र्याचं छप्पर, लांब धुराडं, आणि बसायला लोखंडी स्टूल, माझ्या कंबरेच्या मापाचं. माप कधी घेतलं कोण जाणे. स्टुलाला पाठ टेकायला बाकाची पाठ कापून जोडलीय. मी काय म्हातारी झाले? आणि शेडच्या मागच्या भिंतीला भोक पाडून जाळीची खिडकी बसवलीय, नव्या चुलीच्या बरोबर समोर. विचारलं, ही कशाला? "हवा," म्हणाले. टोपात नळीने हवा येते, तर खिडकीच्या हवेचं ह्यांना काय करायचंय? आता मी ओरडले की थेट आत ऐकू जाणार. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

ते सगळं जाऊ दे. मला एकच गोष्ट सतावते. स्टुलावर बसून सकाळपासून तेच डोक्यात. अर्ध्या भाकऱ्या जळल्या.

शुक्रवारी हे पुन्हा टोप घालणार. हे पान फाडून मी टोपाच्या काचेला आतून चिकटवते. काढल्याशिवाय समोरचं दिसणार नाही, आणि वाचल्याशिवाय काढू नका.

अहो, पाणी ओतून माझा हात भाजला ते मी काही बोलले नाही. स्कूटर ब्लास्ट केलीत ते माफ. मला गंज म्हणालात तेही एक वेळ माफ. पण त्या दिवशी तुम्ही ताईसाठी आला होतात आणि मला बघून बेत बदललात, हे तुम्ही बोललात की गॅस बोलला? गुळमुळीत नको. भांड्याकडे बघत नको. भावजींच्या तोंडून निरोप नको. सरळ माझ्याकडे बघून, चार शब्द जास्तीचे लागले तरी चालतील. शनिवारी संध्याकाळी चूल विझवायच्या आत मला उत्तर पाहिजे. नाहीतर रविवारी मी ताईला घरी बोलावते आणि तिच्यासमोर विचारते.